कमळगडाकडे तोंड करून

पाचगणी-महाबळेश्वरच्या एकूण एक हॉटेलांच्या जाहिरातीत 'व्हॅली व्ह्यू' असतोच. दरी कुठली, हॉटेलचं तोंड कुठल्या दिशेला आणि एकूण टेबलांपैकी किती टेबलांवरून ती दरी खरंच दिसते, हे मात्र कोणी लिहीत नाही. आम्ही सातारकर तर या डोंगरावर पाहुणे आले की जाणारी माणसं. टेबल लँडवर घोडे दाखवायचे, कॉर्न पॅटिस खायचं, स्ट्रॉबेरीचे दोन डबे घ्यायचे आणि अंधाराच्या आत घरी. पांढऱ्या टेबलक्लॉथची, कड्यावरची रेस्टॉरंटं मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी सोडून दिलेली.

यंदा फेब्रुवारीत आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस होता आणि आत्या सांगलीहून मुद्दाम आली होती. म्हटलं, एकदा नीट जाऊ. टेबल मिळालं तर दरीकडचंच, नाहीतर घरी पुरणपोळी आहेच.

आधी थोडा भूगोल सांगते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. पाचगणी डोंगराच्या एका लांबट धारेवर वसलेली आहे. धारेच्या उत्तरेला कृष्णेची दरी, त्यात धोम धरणाचं पाणी आणि पलीकडे कमळगड. दक्षिणेला कुडाळी नदीचं खोरं. पारसी पॉइंट, सिडनी पॉइंट हे कृष्णेच्या बाजूचे. इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण फोनवर 'सनसेट दिसतो का?' असं विचारतो, आणि माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या टेबलावर बसलात की शेवटचा तासभर सूर्य थेट डोळ्यांत येतो. समोरच्याचा चेहरा काळा दिसतो, फोटो जळतात आणि शेवटी वेटरच येऊन पडदा ओढतो. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच झाकून जेवायचं. सूर्यास्त बघायचा तर महाबळेश्वरचा बॉम्बे पॉइंट आहे, तो फुकट आहे आणि उभ्यानेच बघायची गोष्ट आहे.

जेवायला बसायचं तर उत्तरेकडे तोंड करून. फेब्रुवारीत सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो, म्हणजे कृष्णेच्या दरीकडे तोंड केलं की तो डाव्या खांद्यामागे राहतो. तिरपं ऊन समोरच्या डोंगरावर पडतं आणि आपल्या डोळ्यांत काही येत नाही. जूनच्या सुरुवातीला तोच सूर्य बराच उत्तरेला सरकलेला असतो, तेव्हा हे गणित थोडं बदलतं. पण जूनमध्ये ढगच इतके असतात की सूर्य कुठे आहे हे विचारायची वेळ येत नाही.

आता फोनची गोष्ट. बुकिंगच्या अ‍ॅपवर 'काही विशेष विनंती' असा रकाना असतो. त्यात मी 'खिडकीजवळचं टेबल हवं' असं लिहिलं होतं. तो रकाना कोणी वाचत असेल यावर माझा विश्वास नाही. म्हणून थेट हॉटेलला फोन केला, तोही दुपारी साडेतीनच्या सुमाराला. एक वाजता फोन केला तर कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, एका कानाने आपलं ऐकतो आणि दुसऱ्याने किचनचं. साडेतीनला दुपारची जेवणं आवरलेली असतात, तो निवांत असतो आणि समोर टेबलांचा तक्ता घेऊन बोलतो. रिसेप्शनवरच्या माणसाला मात्र यातलं काही ठाऊक नसतं. तो 'ट्राय करू मॅडम' म्हणतो. रेस्टॉरंटच्या कॅप्टनलाच फोन द्या म्हणायचं.

कॅप्टन चांगला निघाला, कोरेगाव बाजूचा. मी साताऱ्याची आहे म्हटल्यावर त्याने लगेच मराठीत सरळ हिशोब मांडला. कठड्याला लागून जी टेबलं होती ती बहुतेक दोघांची. नवरा-बायको, नवीन लग्न झालेली जोडपी हेच मुख्य गिऱ्हाईक, म्हणून तशीच मांडणी. पाच-सहा माणसं आली की त्यांना मधलं मोठं टेबल मिळतं आणि तिथून दरीऐवजी बुफेच्या भांड्यांची झाकणं दिसतात. शिवाय मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांना पहिला मान. आम्ही पाच जण, मुक्काम नाही, वर त्यातली एक आत्या.

"ताई, रात्री आठला कशाला येताय?" तो म्हणाला. "आठला काय दिसणार हाय? साडेपाचला या."

हे त्याने सांगितलं नसतं तर मी आठचंच टेबल घेतलं असतं, कारण आपल्या डोक्यात 'चांगलं हॉटेल' म्हणजे रात्रीचं जेवण. पण खिडकीची काच आणि अंधार यांचं साधं शास्त्र आहे. बाहेर उजेड जास्त असतो तोवर काचेतून बाहेरचं दिसतं. बाहेर अंधार झाला आणि आत दिवे लागले की तीच काच आरसा होते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि सातला दरी संपते. आठ वाजता 'व्हॅली व्ह्यू'च्या टेबलावर बसलेली सगळी मंडळी आपापली तोंडं आणि मागचं झुंबर बघत सूप पितात. डिसेंबरात तर सहालाच सूर्यास्त. मे महिन्यात सातपर्यंत उजेड मिळतो, पण मे महिन्यातल्या शनिवारी इथे टेबल मिळवायला निघालेल्या माणसाला मी काय सल्ला देणार?

साडेपाचची अडचण एकच. त्या वेळी किचन अर्धं बंद असतं, चहा-कॉफी आणि खाण्याचे मोजके पदार्थ एवढंच मिळतं. जेवण साडेसातनंतर. कॅप्टनने त्यावरही तोड काढली. कठड्याची दोघांची दोन टेबलं जोडून टोकाला एक खुर्ची, तिथे चहा आणि खाणं. अंधार पडला की आत जेवायला, मधल्या मोठ्या टेबलावर. एरवी ज्या टेबलाला लोक नाकं मुरडतात तेच आपण रात्री आनंदाने घ्यायचं. वार मात्र मंगळवार-बुधवारच हवा, हे त्याने आधीच बजावलं. सर्व्हिस चार्ज लावता का, हेही मी फोनवरच विचारून घेतलं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलं आहे की तो बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. टेबलावर बसून यावर वाद घालण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. आई-बाबांच्या वाढदिवसाला तर नक्कीच.

तर बुधवारी दुपारी निघालो. पाचवडवरून वाई, वाईतून पसरणी घाट. पसरणी गाव आलं की बाबा 'हे शाहीर साबळ्यांचं गाव' असं सांगतात. आम्ही सगळे हो म्हणतो. घाटात वर हॅरिसन फॉलीकडून उडालेले पॅराग्लायडर दिसत होते. आत्याने त्यांच्याकडे बघून फक्त "घरी सांगून आल्यात का?" एवढंच विचारलं.

हॉटेलात शिरताच दारातल्या मुलीने हसून आम्हाला आतल्या बाजूला न्यायला सुरुवात केली. यादीत आमच्या नावापुढे '5' एवढाच आकडा, बाकी काही नाही. कॅप्टन अजून ड्युटीवर यायचा होता. कठड्याच्या टेबलांवर 'रिझर्व्ड'च्या पाट्या उभ्या, माणूस एकही नाही. अशा वेळी आवाज चढवण्याचा काही उपयोग नसतो, आणि नोट पुढे करण्याचा तर त्याहून नाही. मला तो प्रकार आवडतही नाही. मी उभीच राहिले. आत जाऊन एकदा बसलं की टेबल बदलून मिळणं अवघड जातं, कारण तोवर पाणी ओतलेलं असतं आणि मेनूकार्डं वाटलेली असतात. कॅप्टनशी झालेलं बोलणं तिला शांतपणे सांगितलं, तिने फोन लावला आणि पाच मिनिटांत टेबलं जोडली गेली. त्यांपैकी एक पाटी आमच्याच नावाची होती, फक्त ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मग बसायच्या जागांचा प्रश्न. कठड्याला अगदी चिकटलेली खुर्ची सर्वांत भारी, असं वाटतं. प्रत्यक्षात बसल्यावर कठड्याची आडवी नळी बरोबर डोळ्यांसमोर येते आणि खालचं धोमचं पाणी तिच्यामागे लपतं. आई एका खुर्चीने मागे सरकली तर तिला सगळं दिसायला लागलं. माझ्या नवऱ्याची उंची जास्त, म्हणून त्याला कडेला बसवलं. वारा होताच. कड्यावरच्या टेबलावर चहा दोन मिनिटांत गार होतो, म्हणून किटलीच मागवावी. आत्याला शाल आणायला सांगितलं होतं आणि तिने ती आणली होती, वर कानटोपीही. पांढऱ्या टेबलक्लॉथसमोर कानटोपी घालून बसलेली माझी आत्या हा त्या संध्याकाळचा सर्वांत देखणा भाग होता.

"एवढं पैसं देऊन डोंगरच बघायचा व्हय?" तिने बसल्या बसल्या विचारलं. "त्यो तर आमच्या दंडोबालाबी हाय."

पण मग तिला खाली पाणी दिसलं. हे धोम, ही कृष्णा, हेच पाणी पुढे तुमच्या गावाला येतं, असं बाबांनी सांगितलं आणि तिची नजर बदलली. सांगलीचा माणूस कृष्णेकडे नुसतं सौंदर्य म्हणून बघू शकत नाही. आयर्विन पुलापाशी 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी, हा आकडा तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. आत्याने कॅप्टनला बोलावून घेतलं (तो एव्हाना आला होता) आणि धरणात सध्या किती पाणी आहे, ते त्याच्याकडून काढून घ्यायला लागली. तो बिचारा आम्हाला स्ट्रॉबेरी विथ क्रीम सुचवायला आला होता. मग वाकून, काठाला उघडी पडलेली मातीची पट्टी दाखवत, पाणी किती उतरलंय याचा अंदाज सांगत बसला. इतकी चांगली सेवा मी कुठल्याही हॉटेलात बघितलेली नाही.

सहा वाजून गेल्यावर ज्यासाठी आलो होतो ते सुरू झालं. आपण बसतो त्या डोंगराची सावली आधी दरीत उतरते. धोमचं पाणी सगळ्यांत आधी काळपट होतं, मग तळाची गावं, मग समोरच्या उतारावरची झाडी. सावली चढत जाते आणि ऊन वर वर पळतं. शेवटी फक्त कमळगडाचा माथा तेवढा तांबूस राहतो. त्या माथ्यावर जमिनीत खोल उतरत जाणारी गेरूची विहीर आहे; बाबा तरुणपणी तिच्या पायऱ्या उतरून आले होते आणि बाहेर आल्यावर कपडे कसे लालभडक झाले होते, हे आईने बाबांच्या आधी सांगून टाकलं. एवढ्या वर्षांत तिने ती गोष्ट त्यांच्यापेक्षा जास्त वेळा सांगितली असणार.

बाजूच्या टेबलावर एक जोडपं होतं. त्यांनी आल्या आल्या फोटो काढले आणि ऐन सव्वासहाला बिल देऊन निघून गेले, कुठल्या तरी पॉइंटवर सूर्यास्त गाठायचा म्हणून. मला त्यांना हाताला धरून बसवावंसं वाटत होतं.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. दाल बरी, बिर्याणी नावालाच, कॅरामल कस्टर्ड उत्तम. पाच जणांचं बिल सहा हजारांच्या वर गेलं. अशा हॉटेलात जीएसटी 5 नाही, 18 टक्के लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर, तिथल्या रेस्टॉरंटला हा दर. मेनूकार्डावरच्या किमती बघून हिशोब करणाऱ्यांनी हे धरून चालावं. कॅप्टनला निघताना टीप दिली. बाबांनी ती दुप्पट करायला लावली, धरणाच्या माहितीसाठी.

कड्यावरच्या जागा कमी का, यालाही कारण आहे. 2001 साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला आणि बांधकामांवर बंधनं आली. मला व्यक्तिशः यात काही वाईट वाटत नाही. प्रत्येक कड्यावर काचेची गच्ची उभी राहिली असती तर समोरच्या डोंगरावरून पाचगणी कशी दिसली असती? पावसाळ्यात तर दरीकडच्या टेबलाचा आग्रहच धरू नये. जुलै-ऑगस्टमध्ये काचेला टेकलेलं धुकं एवढाच व्ह्यू असतो. तेव्हा स्वयंपाकघराच्या जवळचं, उबेचं टेबल मागावं.

आणि ज्यांना रात्रीच बाहेर जेवायचंय त्यांनी पाचगणी चढूच नये. साताऱ्यातून कासकडे जाताना यवतेश्वरचा घाट लागतो, तिथल्या वरच्या हॉटेलांच्या उघड्या गच्च्यांवर बसावं. काच नाही, त्यामुळे आरसा होण्याचा प्रश्न नाही. खाली अख्खं सातारा दिव्यांनी भरलेलं, समोर अजिंक्यताऱ्याची काळी रेघ, ताटात पिठलं-भाकरी नाहीतर मटण. इथे उलट अंधार पडल्यावरच यायचं. फक्त सप्टेंबरात शनिवार-रविवार टाळा. कासच्या फुलांची सगळी गर्दी याच घाटाने खाली येते आणि टेबल मिळालं तरी गाडी लावायला जागा मिळत नाही.