पत्ता कुठला लिहिलाय?

आजचा अख्खा दिवस कॅन्सर नोंदींच्या याद्या जुळवण्यात गेला. बार्शीची ग्रामीण नोंदणी 1987 पासून टिकली ती गावोगाव जाऊन केलेल्या विचारपुशीवर. कारण पेशंट मुंबईला गेला की केसपेपरवर पत्ता येतो भाचीच्या चाळीचा! गावच्या खात्यातून केस गायब. वर ‘शांता’ आणि ‘शांताबाई’ अशा एकाच बाईच्या दोन नोंदी. म्हणून नाव, वय, अवयव, निदानाची तारीख, चारही ताडून पाहायचं.

‘बोअरच्या पाण्यानं झालं’ म्हणण्याआधी विचारा, कॅन्सर दिसायला वर्षं लागतात, मग 15-20 वर्षांपूर्वी हे घर कुठलं पाणी पीत होतं? संशय पाण्यातल्या आर्सेनिक या विषाचा असेल तर त्वचा, मूत्राशय, फुप्फुस यांचे कॅन्सर वेगळे काढा. सगळे कॅन्सर एकाच पोत्यात भरले की धागा हरवतो. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. चवीला काही म्हणजे काही कळत नाही.