टरबुजाचे गोळे

टरबुजाचे गोळे काढायचा चमचा असतो. आम्ही त्याला स्कूपर म्हणतो, मदतीच्या मावशी 'गोळीचमचा' म्हणतात. दांड्याच्या दोन्ही टोकांना अर्ध्या लिंबासारखी वाटी, एक लहान, एक मोठी. अकरा वर्षं लग्नांत फळांचा काउंटर सांभाळतोय, पण त्या चमच्याची लाज फक्त एकदाच वाटली.

लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरचं मंगल कार्यालय, मे महिना, मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. नवरीच्या वडिलांनी मोबाईलवर कुठल्या तरी लग्नाचा व्हिडिओ पाहिला होता. त्यात काचेच्या वाटीत लाल, पिवळे, हिरवे गोळे. "आपल्याला असंच पाहिजे, फोडी नको." आमच्या ठेकेदाराच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नाही. हो म्हणायचं त्याने आणि मनगट दुखायचं माझं.

हिशोब सांगतो. मोठ्या वाटीचा एक गोळा साधारण 11 ग्रॅमचा. पाचशे वाट्या, वाटीत टरबुजाचे पाच, म्हणजे अडीच हजार गोळे, 27-28 किलो गर. लोकांना वाटतं तीस-पस्तीस किलो टरबूज आणलं की झालं. मी एकदा तोलून बघितलंय : दहा किलो टरबुजातून गोळे निघतात तीनेक किलो. चारेक किलो साल, आणि बाकीचा गर चाळणीसारखा भोकं पडून तसाच उरतो. गोळ्याला गोळा लावून कितीही जवळ काढा, मधल्या फटी राहणारच. त्यात बियांची रांग टाळायची असते, कारण बी उपटली की गोळ्याला देवीचे व्रण पडल्यासारखे खड्डे दिसतात. म्हणून मधला लालबुंद, बिनबियांचा भाग आधी संपतो.

काढायची पण एक रीत आहे. नवीन पोरं आइस्क्रीम खरवडल्यासारखं ओढतात आणि निघतो तो शिंपला. वाटी गरावर पालथी टेकवायची, अंगठ्याने दाबायचं, कड पूर्ण आत गेली की मग मनगट फिरवायचं, कुलपात किल्ली फिरवतो तसं. घाई केली की गोळ्याला एका बाजूने टक्कल पडतं. आणि वाटीच्या तळाला बारीक भोक पाहिजेच. स्वस्तातल्या चमच्यांना ते नसतं. मग आत हवा अडकते, गर वाटीत पूर्ण चढत नाही, चढला तर चिकटून बसतो. माझ्या तिन्ही स्कूपरना मी वेल्डिंगच्या दुकानातून 3 मिलिमीटरची भोकं पाडून घेतलीत. ठेकेदार हसला होता. हसू दे.

साडेआठला बसलो. मी आणि दोन मावशी. सवयीच्या हाताने मिनिटाला बारा-तेरा गोळे पडतात. पहिल्या हजारापर्यंत गप्पा चालतात, नंतर नुसता 'कच्च' असा आवाज.

टरबूज नवरीच्या मामांनी पाठवलं होतं. केज तालुक्यातलं, ड्रिपवरचं, काळ्या सालीचं. दीड क्विंटलची पिकअप घरचं कार्य म्हणून तशीच दिलेली. दहाच्या सुमारास फेटा बांधलेले मामा स्वतःच मागच्या बाजूला आले. हे मला नंतर कळलं, आधी वाटलं कुणी चहा शोधत आलंय.

ते उभे राहून टबाकडं बघत होते. गोळ्यांच्या नाही, उरलेल्या गराच्या. भोकं भोकं पडलेला, रस गळणारा तो ढीग.

"ह्ये काय करायलात?"

"गोळे काढायलो, मामा."

"आन् ह्ये?"

"ह्याचा ज्यूस करणार. वाया नाही जाणार." खरंच तसं ठरलं होतं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आम्ही भांडी कमी घासावी लागावीत म्हणून पत्रावळीवर लग्नं काढली. तेव्हापासून काही ओतून द्यायचं म्हटलं की हात अडखळतो.

मामांनी स्कूपर मागितला, एक गोळा काढला. टक्कल पडलं. खाल्ला. "गोड हाय," स्वतःच्याच मालाला म्हणाले. मग चमचा उलटासुलटा करत, "केवढ्याला मिळतो?"

"दीडशेला."

"यंदा जागेवर सात रुपय किलो गेलं बगा," एवढंच म्हणून त्यांनी चमचा धुऊन माझ्या हातात दिला. माझ्या मनात वीस-एकवीस किलोचा गुणाकार आपोआप झाला. त्यांनी तो आधीच केला असणार.

काउंटर झकास झाला. गोळे बर्फावर ठेवले, मीठ-मसाला बाजूला, कारण आधी लावला की पाणी सुटतं. फोटो भरपूर निघाले.

ज्यूस मात्र झाला नाही. मिक्सर लावायला गेलो तर कार्यालयाच्या मॅनेजरने बोर्डला हात लावू दिला नाही. म्हणे लोड जातो, डीजे बंद पडेल. डीजे बंद पडलेला कुणाला नको होता! बर्फाच्या दोन लाद्या कमी आलेल्या, होता तो सगळा काउंटरला गेला. टब पत्र्याच्या सावलीत ठेवला, पण मेमधला पत्रा म्हणजे तवाच. मी हाताने कुस्करून गाळू शकलो असतो. काउंटरवर गर्दी होती, हे खरं आहे. ठरवलं असतं तर एका मावशीला बसवता आलं असतं, हेही खरं आहे.

तीन वाजता मामा परत आले. सोबत सहा-सात वर्षांचा नातू, त्याच्या हातात रिकामा स्टीलचा ग्लास.

"ज्यूस प्यायला आलोत."

टबावर फेस आला होता, आंबूस वास सुटलेला. मी लोड, बर्फ, डीजे असं काहीतरी बोलत राहिलो. मामांनी ते ऐकून घेतलं, मग वाकून एक बोट बुडवून चाटलं.

"म्हशीला चालंल. सालं बी द्या."

मी आणि ते, दोघांनी टब उचलून त्याच पिकअपमध्ये चढवला. सालांची दोन पोती वर ठेवली. नातवाने ग्लास टबात बुडवायचा प्रयत्न केला तर मामांनी त्याचा हात धरला आणि त्याला थंड पाण्याच्या जारकडे घेऊन गेले.

टब माझा आहे, निळा, शंभर लिटरचा. अजून तिकडेच आहे. ठेकेदार दोनदा म्हणाला, फोन करून मागवून घे. नंबर माझ्याकडे आहे, पण लावला नाही.