तुम्ही विचारलेत म्हणून: हरणाऱ्या संघातली दोन मुले ड्राफ्टमध्ये इतक्या वर कशी?

न्यू जर्सीत एडिसन-पिस्कॅटवेच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरात किंवा ओळखीत रटगर्स विद्यापीठात शिकणारे कोणी ना कोणी असतेच, आणि मी कॉलेज बास्केटबॉल नेमाने पाहतो हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असल्यामुळे 2025 च्या उन्हाळ्यापासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. रटगर्सचा संघ 2024-25 च्या हंगामात 15 सामने जिंकला, 17 हरला आणि मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला जागाही मिळाली नाही. असे असताना त्याच संघातला डिलन हार्पर एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात) दुसऱ्या आणि एस बेली पाचव्या क्रमांकावर कसा निवडला गेला? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: कोण कोणत्या संघात जाणार हे ड्राफ्टच्या आधीच कसे सांगितले जाते, आणि त्यात तथ्य किती?

कोणता खेळाडू साधारण कितव्या क्रमांकाच्या आसपास निवडला जाईल हे बऱ्यापैकी आधी सांगता येते. तो कोणत्या शहरात जाईल हे मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत फारसे सांगता येत नाही. अंदाज वर्तवणारे या दोन्ही गोष्टी एकाच दमात, एकाच यादीत सांगतात, आणि वाचणाऱ्याला दोन्हींचा भरवसा सारखाच वाटतो. घोटाळा तिथे होतो.

ड्राफ्ट ही गुणवत्ता यादी आहे ही समजूत आधी सोडावी लागते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची कॅप फेरी ज्यांनी भोगली आहे त्यांनी ती मनातल्या मनात उलटी करून पाहावी: येथे विद्यार्थी कॉलेज निवडत नाही, कॉलेज विद्यार्थी निवडते, पसंतीक्रमाचा अर्ज विद्यार्थ्याच्या हाती नसतोच, आणि गेल्या वर्षी ज्यांचा निकाल सर्वांत वाईट लागला त्यांना, निदान तत्त्वतः, आधी निवड करायला मिळते. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे 60 नावे पुकारली जातात. निवड करणारा संघ मागच्या हंगामाचे बक्षीस देत नसतो, पुढच्या सात-आठ वर्षांवर पैसे लावत असतो. म्हणूनच कॉलेजात चार वर्षे उत्तम खेळलेला बावीस वर्षांचा खेळाडू मागे राहतो आणि प्रथम वर्षाचा, एकोणीस वर्षांचा मुलगा पुढे जातो. एनबीएच्या नियमानुसार ड्राफ्टच्या वर्षात वयाची 19 वर्षे पूर्ण होत असली पाहिजेत आणि अमेरिकन मुलाला शाळा संपून एक वर्ष लोटलेले असले पाहिजे. 2006 च्या ड्राफ्टपासून लागू झालेल्या या नियमामुळेच असे मुलगे एका वर्षापुरते कॉलेजात दिसतात. रटगर्सला हार्पर आणि बेली मिळाले ते असेच, एका हिवाळ्यापुरते.

त्या हिवाळ्यात पिस्कॅटवेच्या जर्सी माइक्स अरीनात ज्यांनी हार्परला पाहिले त्यांना त्याच्या दुसऱ्या क्रमांकाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. तो डावखुरा आहे. चेंडू घेऊन तो बास्केटकडे निघाला की आधी धाव मंदावतो, बचाव करणाऱ्याला आपल्या खांद्याजवळ येऊ देतो आणि मग त्याच खांद्याने त्याला बाजूला ठेवत डाव्या हाताने चेंडू आत टाकतो. समोरच्याला हे माहीत असूनही ते थांबवता येत नसे. सरासरी 19.4 गुण, सोबत चार असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट करू देणारे पास. कॉम्बाइनमध्ये, म्हणजे मे महिन्यात शिकागोला होणाऱ्या सामुदायिक चाचणीत, त्याची अनवाणी उंची सहा फूट साडेचार इंच भरली आणि पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी सहा फूट दहा इंचांच्या वर. एवढ्या लांब हातांचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून संघाचा खेळ रचणारा खेळाडू, सहजासहजी सापडत नाही. त्यात वडील रॉन हार्पर, बुल्स आणि लेकर्स या एनबीए संघांकडून मिळून पाच विजेतेपदे पदरात असलेले. घराण्यामुळे क्रमांक वाढतो असे मी म्हणणार नाही, पण व्यावसायिक खेळाडूचा दिनक्रम कसा असतो हे अशा मुलाला शिकवावे लागत नाही, आणि संघ त्याची नोंद घेतात.

बेलीचे प्रकरण अधिक बोलके आहे. विद्यापीठाच्या पत्रकात त्याची उंची सहा फूट दहा इंच छापलेली असे. शिकागोत मोजपट्टी लावल्यावर ती अनवाणी सहा फूट साडेसात इंच निघाली. अडीच इंच ही बास्केटबॉलमध्ये किरकोळ बाब नव्हे. शिवाय त्याचा खेळ म्हणजे फ्री-थ्रो रेषेच्या आसपास चेंडू घ्यायचा, बचाव करणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर असतानाच उडी मारायची आणि त्या हातावरून चेंडू सोडायचा. कठीण फेक तो अशा सहजतेने टाकतो की पाहणारा भारावून जातो. पण शेजारी मोकळ्या उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे पास जाईल म्हणून आपण पाहत राहावे, तर तो जात नाही. सरासरी 17.6 गुण आणि 1.3 असिस्ट या दोन आकड्यांत त्याची सारी कुंडली आली. संघ हरत होता त्याला हेही एक कारण होते, मात्र एकमेव नव्हे, कारण या दोघांच्या भोवती लांबून खात्रीने थ्री-पॉइंटर मारणारे खेळाडू पुरेसे नव्हते आणि प्रतिस्पर्ध्यांना सगळे लक्ष या दोघांवर देणे परवडत होते. निवड करणारे हे जाणतात. दोन मुलांच्या भरवशावर कॉलेजचा संघ जिंकत नाही, म्हणून ती दोन मुले कमी दर्जाची ठरत नाहीत.

आता शहराच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. पहिले चार क्रमांक सोडतीने ठरतात. प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या, न गाठलेले 14 संघ. यंत्रात 1 ते 14 आकड्यांचे पिंगपाँगचे चेंडू. त्यांतून एकामागून एक चार बाहेर येतात. चार चेंडूंच्या 1,001 जोडण्या होतात, त्यांतली एक बाद धरून उरलेल्या 1,000 जोडण्या या संघांना वाटून दिलेल्या असतात; ज्याची जोडणी निघेल त्याला तो क्रमांक. 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी 140 जोडण्या मिळतात, म्हणजे पहिल्या क्रमांकाची शक्यता 14 टक्के. त्यापूर्वी सर्वांत वाईट संघाला ती 25 टक्के असे. मुद्दाम हरत राहण्याचा मोह कमी व्हावा म्हणून ती खाली आणली गेली. मोह किती कमी झाला याबद्दल मला शंका आहे, पण अनिश्चितता मात्र नक्की वाढली.

मे 2025 मध्ये काय झाले पाहा. ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग पहिला जाणार याविषयी वर्षभर कोणाच्याही मनात किंतु नव्हता. मेन राज्यातल्या न्यूपोर्ट गावचा हा मुलगा, 19.2 गुण, 7.5 रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू), बचाव तितकाच पक्का. 17 विजय आणि 65 पराभव अशी सर्वांत वाईट कामगिरी होती युटा जॅझची, त्याच्यावर एकच पायरी वॉशिंग्टन विझर्ड्स. अंदाजांच्या याद्यांत हिवाळाभर फ्लॅगच्या नावापुढे याच दोघांपैकी एकाचे नाव असे. सोडत निघाली आणि पहिला क्रमांक गेला डॅलस मॅव्हरिक्सकडे, ज्यांच्याकडे हजारांतल्या फक्त 18 जोडण्या होत्या आणि ज्यांनी तीनच महिन्यांपूर्वी आपला सर्वांत मोठा खेळाडू लुका डॉन्चिच याला लेकर्सकडे पाठवून आपल्याच चाहत्यांचा रोष ओढवून घेतला होता. दुसरा क्रमांक सॅन अँटोनियो स्पर्सला, तिसरा फिलाडेल्फियाला मिळाला. फिलाडेल्फियाचा निवडीचा हक्क (असे हक्क संघ आपसांत देतात-घेतात) पहिल्या सहांच्या बाहेर घसरला असता तर जुन्या व्यवहारानुसार तो ओक्लाहोमा सिटीकडे गेला असता. युटा पाचव्यावर आणि वॉशिंग्टन सहाव्यावर फेकले गेले, त्यांना नियमानुसार जितके खाली जाता येते तितके. फ्लॅगच्या गुणांत त्या सायंकाळी तसूभरही फरक पडला नव्हता, पण त्याचे गाव बदलले आणि त्याच्यामागच्या प्रत्येकाचे बदलले.

हार्पर स्पर्सकडे गेला तेव्हा मला दोन-तीन ठिकाणी विचारले गेले की त्यांच्याकडे डी'ऍरन फॉक्स आणि स्टीफन कॅसल हे दोन गार्ड असताना तिसरा कशाला. कॅसल तर त्याच हंगामाचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला होता. प्रश्न रास्त आहे, परंतु इतक्या वरच्या क्रमांकावर गरज पाहून निवड करणे हे माझ्या मते चुकीचेच. 1984 मध्ये पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता, म्हणून त्यांनी मायकल जॉर्डनला सोडून सॅम बोवी हा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, घेतला. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती उगाळण्याचा कंटाळा येतो, तरीही दर जूनमध्ये कोणीतरी तोच युक्तिवाद करतो. दहाव्या-बाराव्या क्रमांकाच्या पुढे उमेदवारांतले अंतर कमी होते, तेव्हा गरज पाहिली तर बिघडत नाही.

बेलीच्या बाबतीत मात्र सोडतीइतकीच माणसांची इच्छाही आड आली. संघ उमेदवारांना आपल्याकडे खासगी चाचणीसाठी बोलावतात, आणि जायचे की नाही हे खेळाडू व त्याचा एजंट ठरवतात. बेलीच्या बाजूने ठरलेली फिलाडेल्फियाची भेट रद्द झाली आणि इतरही निमंत्रणे नाकारली गेल्याच्या बातम्या आल्या. ज्याच्या हाती पसंतीक्रमाचा अर्ज नाही त्याने नकार देऊन तो भरण्याचा हा प्रयत्न होता. फिलाडेल्फियाने बेलर विद्यापीठाचा व्हीजे एजकंब घेतला, शार्लटने चौथ्या क्रमांकावर ड्यूकचा कॉन कनूपल घेतला, आणि युटाने कोणाची परवानगी न विचारता पाचव्यावर बेलीचे नाव पुकारले. तो तेथे गेला आणि खेळू लागला. नकाराने घसरण थोडी झाली असेल, पण गाव निवडता आले नाही.

ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यातल्या याद्या एकमेकींसारख्या दिसतात, याचे कारणही यातच आहे. तोवर त्या खेळाच्या परीक्षणातून आलेल्या नसतात. कोणाची चाचणी कुठे झाली, कोणाची रद्द झाली, कोणता एजंट काय सांगतो आहे, याचे ते वार्तांकन असते. बातमी देणाऱ्याचा स्वार्थ प्रत्येक ओळीत असतो, तरीही पहिल्या पाच-सहा नावांपर्यंत या याद्या उपयोगी पडतात. पुढे त्या ढासळतात. 2025 मध्ये सोळाव्या क्रमांकावर चीनच्या यांग हानसेनचे नाव पोर्टलंडसाठी पुकारले गेले तेव्हा बहुतेकांनी त्याला दुसऱ्या फेरीत धरले होते.

त्यातही व्यवहार चालूच असतात. ड्यूकचा उंचापुरा सेंटर खमान मालुआच दहाव्या क्रमांकावर ह्यूस्टनच्या नावाने निवडला गेला, पण तो हक्क केव्हिन ड्युरँटच्या बदल्यात फीनिक्सला द्यायचे आधीच ठरले होते. म्हणजे निवडीच्या मंचावर डोक्यावर एका गावच्या संघाची टोपी आणि जायचे दुसऱ्या गावी. न्यू ऑर्लिन्सने तेविसाव्यावरून तेराव्यावर येऊन मेरीलँडच्या डेरिक क्वीनला घेण्यासाठी 2026 चा पहिल्या फेरीतला हक्क कोणतीही अट न घालता अटलांटाला देऊन टाकला. क्वीन चांगला खेळाडू आहे, तरी दहा पायऱ्या चढण्यासाठी ही किंमत मला तेव्हाही अवाजवी वाटली आणि आजही वाटते. असे व्यवहार कोणत्याही यादीत आधी मावत नाहीत.

आणखी एक बदल या याद्यांच्या उत्तरार्धाला अलीकडे पोखरतो आहे, तो म्हणजे कॉलेजातच मिळणारा पैसा. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि जुलै 2025 पासून विद्यापीठांना थेट वाटाही देता येतो. त्यामुळे पंचविसाव्या क्रमांकाच्या आसपास असलेल्या मुलाला घाई राहिलेली नाही. याक्सेल लेंडेबोर्गचे नाव 2025 च्या पहिल्या फेरीच्या अंदाजांत येत असताना त्याने माघार घेऊन मिशिगन विद्यापीठाचा रस्ता धरला. माघारीची मुदत मे महिन्याच्या अखेरीस संपते आणि त्या दिवशी यादीतली अनेक नावे एकदम गळतात.

क्रमांक किती महत्त्वाचा, हेही विचारले जाते. पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचा: पहिल्या फेरीतल्या प्रत्येक क्रमांकाचे वेतन कोष्टकात ठरलेले असते, पायरीगणिक ते उतरते, चार वर्षांच्या कराराची पहिली दोन वर्षे निश्चित असतात आणि दुसऱ्या फेरीत असे कोष्टकच नसते. खेळाच्या दृष्टीने मात्र तितका नाही: पुढे लीगमधल्या सर्वश्रेष्ठांत गणल्या गेलेल्या दोघांपैकी 2014 मध्ये निकोला योकिच 41 वा निवडला गेला आणि 2009 मध्ये डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजातला स्टीफन करी सातवा, तोही मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकांवर दोन दुसरे गार्ड घेतल्यानंतर.

म्हणून पुढच्या खेपेला नोव्हेंबरात विचारलेत तर मी तीन-चार नावे सांगेन आणि त्यांच्यापुढे संघ लिहिणार नाही. संघ हवा असेल तर मेमधल्या सोडतीनंतर विचारा, तेव्हा पहिल्या दोघांचे गाव बरेचसे ठरलेले असते. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येकासाठी मी दोन किंवा तीन संघ सांगू शकेन. आणि विसाव्याच्या पुढचा उमेदवार तुमच्या ओळखीचा असेल तर मुदत संपेपर्यंत तो ड्राफ्टमध्ये राहतो की नाही, एवढेच आधी त्याला विचारून घ्या.