पानाची डावी बाजू

डोंबिवलीत गेली बरीच वर्षं मी जेवणाचे डबे करते. सुरुवातीला गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक नोकरीला आलेली मुलं असायची. आता निम्म्याहून जास्त डबे साठी-सत्तरीच्या जोडप्यांकडे जातात. नवा डबा लावताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, आम्हाला दोघांनाही बीपी आहे, मीठ जरा बेतानं घाला." मी घालतेच बेतानं. पण भाजी-आमटीतलं मीठ कमी झालं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. ते अर्धंच होतं, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते, म्हणून हे लिहितेय.

आपली पान वाढायची रीत बघा. उजवीकडे भाजी-आमटी आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, पापड. उजवीकडच्या मिठाला स्वयंपाक करणाऱ्याचा हात असतो. डावीकडचं कुणी मोजत नाही. "चवीपुरतं" म्हणून वाढतात आणि खातात.

मध्यंतरी एका घरी डबा द्यायला मी स्वतः गेले होते. काका जेवायला बसतच होते. काकूंनी डबा उघडून वाढला. भाजी अळणी लागते म्हणून शेजारी लिंबाच्या लोणच्याची चांगली मोठी फोड, दोन उडदाचे पापड आणि ताकात काळं मीठ. मी पापडाकडे बघतेय हे काकूंच्या लक्षात आलं. "तळलेले नाहीत हो, भाजलेत," त्या म्हणाल्या. भाजल्यानं तेल वाचतं, हे खरं. पण पापडाच्या पिठात मीठ असतं आणि वर पापडखार. पापडखार, खायचा सोडा, ढोकळ्यात घालतात ते फ्रूट सॉल्ट, या सगळ्यांत सोडियम असतं, आणि बीपीला जे नडतं ते मिठातलं सोडियमच. पापड तळा नाहीतर भाजा, ते तिथंच राहतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. हा आकडा ऐकून कुणाला काही बोध होत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकांना पिशवीचा हिशेब सांगते. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. दोघंच असाल तर १०० दिवस. आणि यात बाजारचं लोणचं, फरसाण, पाव, खारी, हॉटेलातलं जेवण धरलेलंच नाही, तेव्हा खरं तर याहूनही जास्त पुरायला हवी. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनानं तारीख लिहा. माझ्या एका काकूंनी लिहिली, आणि पिशवी संपल्यावर त्यांचा मला फोन आला, "अगं, आम्ही दोघं चौघांचं मीठ खातोय!"

माझ्या डब्याचं म्हणाल तर मी मीठ काट्यावर मोजून घालते. तीस माणसांच्या दुपारच्या जेवणाला साठ ग्रॅम, त्याच्यावर नाही. कणकेत मीठ नाही, भातात नाही. ज्वारीच्या भाकरीत आमच्याकडे कधी नव्हतंच. भाजीत मीठ शेवटी घालते, आणि उणीव भरून काढायला आमसूल, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसूण, भरपूर कोथिंबीर. एकदम निम्मं केलं तर घरातली माणसं बंड करतात. हळूहळू कमी करत गेलं की काही आठवड्यांत जीभ सरावते, आणि मग बाहेरची मिसळ खारट लागायला लागते. हे मी घरोघरी पाहिलंय.

आता डावी बाजू. ती रिकामी करा असं मी कुणालाही सांगणार नाही. मराठी जेवणाची अर्धी गंमत तिथं आहे, आणि बीपीसाठी सगळ्यांत चांगला पदार्थही तिथंच आहे, कोशिंबीर. आपण ती चमचाभर वाढतो. ती वाटीभर वाढावी, लोणच्याची जागाही तिलाच द्यावी. काकडी, गाजर, बीट, मुळा, टोमॅटो, मोड आलेले मूग, काहीही चालतं. भाज्या, फळं, डाळी, उसळी यांतून पोटॅशियम मिळतं. ते पुरेसं असलं की मूत्रपिंडं जास्तीचं सोडियम बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्याही सैलावतात. अमेरिकेत १९९७ साली 'डॅश' आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना आठ आठवडे भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही भरपूर असलेलं जेवण दिलं. मीठ कमी केलं नव्हतं, वजनही उतरू दिलं नव्हतं. तरी ज्यांचं बीपी वाढलेलं होतं त्यांचा वरचा आकडा नेहमीचं अमेरिकी जेवण जेवणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी अकरानं उतरला. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण "हे खाऊ नका" एवढंच ऐकून कंटाळलेल्या माणसाला तो "हे जास्त खा" असं सांगतो.

डब्यासाठी काकडीच्या कोशिंबिरीत मी मीठ घालतच नाही. त्यात बीपीचा विचार आहे तसा धंद्याचाही आहे. सकाळी चोचवलेल्या काकडीला मीठ लावलं की बारापर्यंत तिला पाणी सुटतं आणि डब्यात नुसता रस्सा होतो. बिनमिठाची राहते कुरकुरीत. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची, लिंबू, वर तुपाची हिंग-जिऱ्याची फोडणी. मीठ नाही हे सांगितल्याशिवाय फारसं कुणाला कळत नाही.

दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला सैंधवाचा. उपासाला चालतं, गुलाबी असतं, म्हणून ते बीपीलाही चालतं अशी पक्की समजूत आहे. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, शिवाय बऱ्याचदा त्यात आयोडीन नसतं. दुसरा प्रश्न 'लो सोडियम' मिठाचा. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर, म्हणजे आधी पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा बीपी असलेल्या वयस्कर माणसांवर, याचा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. फायदा मोठा आहे. पण मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर पोटॅशियम रक्तात साठून हृदयाला धोका होतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पिशवी घरात आणू नका. आणि गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवा. जेवण सुधारलं म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करणारी माणसं बघितली की माझा जीव खालीवर होतो. बीपी वाढलेलं बहुतेक वेळा कळतच नाही.

राहिलं लोणचं. वर्षाच्या लोणच्यात मीठ कमी करता येत नाही, कारण ते टिकतंच मिठावर. म्हणून ते सणावाराला बोटभर घ्या, आणि रोजच्यासाठी तक्कू करा. कैरी किसायची, निम्मा कांदा किसून घालायचा, गूळ, लाल तिखट, चिमूटभर मीठ, आणि वर मोहरी-हिंग-मेथीची गार केलेली फोडणी. चार माणसांना एक मध्यम कैरी पुरते. बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की दोन दिवस जातो. कैरी नसेल तेव्हा कच्ची पपई आणि लिंबू घ्या, तोही छान लागतो.