नव्वद डबे आणि सहाशे करंज्या

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार. गणपती शनिवारी गेले होते, पितृपक्ष लागला होता आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात दिवाळीच्या फराळासाठी ‘सोशल मीडियाचं टार्गेट’ ठरवायला आम्ही बसलो होतो. सासू-सुनेचा घरगुती व्यवसाय, हाताखाली चार बायका. फोन आणि इन्स्टाग्राम सून बघते, कढई काकू. काकूंनी वहीत पहिल्या ओळीवर आधीच लिहून ठेवलं होतं : दिवाळीपर्यंत १०,००० फॉलोअर्स.

हा आकडा हवेतून आला नव्हता. जुलैत सुनेने सोऱ्यातून चकली पडतानाची रील टाकली होती. ती दोन लाख ऐंशी हजार वेळा पाहिली गेली आणि नऊशेचे फॉलोअर्स ३,१४० झाले. अशा आणखी तीन रील चालल्या की जवळपास दहा हजार, असा हिशेब. आम्ही अकाउंटच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाच्या आकडेवारीत, फॉलोअर्सच्या शहरांची यादी उघडली. पुणे ११ टक्के. बाकी इंदूर, सुरत, हैदराबाद, लखनौ. त्या रीलवरून आलेल्या ऑर्डरी तीन, त्यातली एक शेजारच्या विंगमधली.

फॉलोअर्सचा आकडा बाजूला ठेवून काकूंना विचारलं, दिवाळीच्या फराळात कोणता पदार्थ सगळ्यात जास्त अडवतो?

“करंजी. दिवसाला चारशे म्हणेन, पण होतात दोनशे.”

इथून पुढचं लक्ष्य करंजीने ठरवलं. दोन किलोच्या डब्यात चिवडा ५०० ग्रॅम, चकली ३००, शंकरपाळी ३००, शेव २५०, बेसनाचे लाडू २५०, रव्याचे २०० आणि करंज्या २०० ग्रॅम, म्हणजे सहा नग. चिवडा दोन तासांत पंधरा किलो होतो. चकलीला दुसरी कढई लावता येते. करंजीला मात्र लाटणारे हात लागतात आणि ते चारच. सुक्या खोबऱ्याची असली तरी फार आधी करून ठेवली तर पारी खुसखुशीत राहत नाही, सारणाला खवट वास येतो. म्हणून करंज्या ८ ते १५ ऑक्टोबर या आठच दिवसांत. आठ दिवस, रोज दोनशे, एकूण १,६००. त्यातल्या हजार जुन्या गिऱ्हाइकांच्या ठरलेल्या ऑर्डरींत जाणार. उरल्या सहाशे. तळताना फुटणाऱ्या आणि घरच्यांच्या तोंडात जाणाऱ्या साठ वजा केल्या, पाचशे चाळीस भागिले सहा : नव्वद डबे.

करंजीशिवायचा डबा विकायला आमची हरकत नव्हती. काकूंची होती.

तर दहा हजार खोडून ‘नवीन गिऱ्हाइकांचे ९० डबे, पैसे जमा झालेले, १० ऑक्टोबरपर्यंत’ असं लिहिलं. ‘पैसे जमा झालेले’ हे शब्द मुद्दाम. फराळाच्या धंद्यात ‘माझे दोन डबे धरा हं’ म्हणणारे पुष्कळ असतात आणि वसुबारसेला तेच फोन उचलत नाहीत. सुरुवात घटस्थापनेपासून, २२ सप्टेंबरला. पितृपक्षात जाहिरात नको, असं काकू म्हणाल्या. ते धंद्याच्या दृष्टीनेही बरोबर होतं : त्या पंधरवड्यात दिवाळीची खरेदी कोणाच्या डोक्यातच नसते, तेव्हा जाहिरातीचे पैसे फुकट जातात.

परदेशी पार्सलांचं वेगळं लक्ष्य ठेवावं असं सुनेच्या मनात होतं. ते जागीच सोडलं. टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं आणि २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांना अमेरिकेत असलेली जकातमाफीही संपली होती. कुरिअरवाले रोज नवा दर सांगत होते. ज्या गोष्टीचा दर आपल्याला ठामपणे सांगता येत नाही, तिची पोस्ट टाकू नये.

नव्वद डब्यांना चौकशा किती लागतील हे कळायला मागचा हिशेब हवा होता, आणि तो कोणी ठेवला नव्हता. मग दुपारी सुनेचा फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि १ ऑगस्ट ते ६ सप्टेंबरच्या सगळ्या गप्पा एकेक करून उघडल्या. वहीत चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाचे मेसेज धरून १४८ चौकशा, ३७ ऑर्डरी. चौथा हिस्सा. वाईट नाही. पण उरलेल्या १११ कुठे गेल्या ते एकेक वाचलं तेव्हा टेबलावर शांतता पसरली. २९ पुण्याबाहेरच्या, बहुतेक रीलवाल्या. २१ जणांनी दर ऐकून पुढे काही लिहिलं नाही. ४६ जणांना उत्तर चार तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी गेलं होतं. आणि १५ जणांना गेलंच नव्हतं. त्यातल्या एकीने तीन दिवसांत तीनदा लिहिलं होतं : ‘२१ उकडीचे मोदक मिळतील का?’, ‘?’ आणि ‘राहू दे’.

उशिरा उत्तर गेलेल्यांपैकी ऑर्डर दिली फक्त पाच जणांनी, म्हणजे ५१ पैकी ५. तासाभरात उत्तर मिळालेले ५३ होते, त्यांपैकी ३२ जणांनी दिली. साठ टक्के! पण हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. पटकन उत्तर मिळालेल्यांत ओळखीची नावं जास्त होती. ओळखीच्याला आपण लगेच उत्तर देतो आणि तो घेणारही असतोच. शिवाय गणपतीच्या मोदकांची गरज वेगळी, दोन किलो फराळ वेगळा. म्हणून आम्ही चाळीस टक्के धरले.

एका गिऱ्हाइकामागे सरासरी सव्वा डबा धरला तरी नव्वद डब्यांना साधारण पंचाहत्तर ऑर्डरी लागतात. पंचवीस टक्क्यांच्या जुन्या दराने ३०० चौकशा, एकोणीस दिवसांत रोज सोळा. चाळीस टक्क्यांनी १८८, रोज दहा. रोजच्या सहा चौकशा केवळ वेळेवर उत्तर देऊन वाचत होत्या, एक पैसा खर्च न करता. त्यामुळे ९० डब्यांच्या खाली दुसरी ओळ आली : प्रत्येक चौकशीला तासाभरात उत्तर.

आता हे उत्तर द्यायचं कोणी? मेसेजच्या वेळा पाहिल्या तर तीनांतले दोन रात्री साडेआठ ते अकराच्या दरम्यान आलेले. कढई तेव्हा बंद असते, पण फोन ओट्याशेजारी चार्जिंगला लावलेला आणि सून मुलाला झोपवताना स्वतःच झोपलेली. व्हॉट्सॲप बिझनेसला एका खात्यावर आणखी चार उपकरणं जोडता येतात. ती सोय घरात कोणालाच माहीत नव्हती. मुलाच्या बाबांचा फोन जोडला. साडेआठ ते अकरा त्यांची पाळी. पण दर, वजन, शेवटची तारीख त्यांनी तोंडी सांगायची नाही. तिरकी रेघ मारून ‘दर’ टाइप केलं की अख्खा तयार मजकूर येतो, तोच पाठवायचा. पहिल्याच मेसेजला आपोआप जाणारं स्वागत ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे’ एवढंच होतं. त्यातही दर आणि घरपोच मिळण्याचा भाग घातला. हा मेसेज नवख्या माणसाला किंवा चौदा दिवस बोलणं न झालेल्यालाच जातो, त्यामुळे नेहमीच्या गिऱ्हाइकांना त्याचा त्रास होत नाही.

इन्स्टावर ‘किंमत?’ विचारणाऱ्याला ‘डीएम (खासगी मेसेज) केला आहे’ लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, ती आम्ही बंद करायला लावली. डब्याचा दर, १,४५० रुपये, पोस्टवरच, मोठ्या अक्षरात. दर ऐकून गप्प होणारे २१ जण आधीच गाळले जातात आणि संध्याकाळ वाचते.

दुसरा धक्का व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या यादीचा. यादीत २४० नावं, त्यामुळे २४० घरांत निरोप जातो अशी सुनेची समजूत. जुन्या निरोपाची माहिती उघडली तर तो पोचला होता ८३ जणांना. ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो, त्यांनाच ब्रॉडकास्ट जातो. स्टेटसचंही तसंच. मग एक छोटं, बिनखर्चाचं लक्ष्य : २१ सप्टेंबरपर्यंत ८३ चे १५० करायचे. उपाय अगदी साधा. पितृपक्षात चकली-चिवडा नेणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत चिठ्ठी, ‘नंबर सेव्ह करून “फराळ” असा मेसेज पाठवा, बुकिंग तुम्हाला एक दिवस आधी उघडेल.’ आकडा १४१ वर थांबला. चालेल.

जाहिरातीचा आकडा काकूंनी विचारला तेव्हा आम्ही उलट विचारलं, एका डब्यात सुटतात किती? सामान, गॅस, मजुरी, डबा मिळून ९८०, पोचवण्याचे ७०. राहतात ४००. नवीन गिऱ्हाइकासाठी त्यातले शंभर द्यायची त्यांची तयारी होती. दहा चौकशांतून चार ऑर्डरी, म्हणजे एका चौकशीला जास्तीत जास्त ४० रुपये. निम्म्या चौकशा फुकट येतील असं धरून दिवसाला २०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. हा कर बहुतेक जण हिशेबात धरायचे विसरतात.

पोस्टखालचं ‘बूस्ट’चं, म्हणजे पैसे भरून तीच पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचं, बटण दाबायचं नाही असं ठरलं. इन्स्टाच्या जाहिराती लावायच्या ॲड्स मॅनेजरमध्ये उद्देश ‘एंगेजमेंट’, थेट व्हॉट्सॲप उघडणारी जाहिरात, नकाशावर घरावर टाचणी आणि भोवती आठ किलोमीटर. तिथे दिसणारा ‘संभाषण सुरू झाले’ हा आकडा मात्र चौकशी म्हणून मोजायचा नाही. बोट लागून तयार मजकूर गेला की तोही त्यात धरला जातो. चौकशी म्हणजे माणसाने स्वतः एक तरी ओळ लिहिली. मोजणी व्हॉट्सॲपच्या लेबलांनी : नवी चौकशी, दर सांगितला, पैसे आले, भागाबाहेर, पोचला. पाच पुरे. वीसपर्यंत करता येतात, पण दहा लेबलं झाली की रात्री अकराला कोणी लावत नाही. चौकशी कुठून आली हे कळायला इन्स्टाच्या बायोतल्या लिंकला आणि सोसायट्यांच्या सूचनाफलकावरच्या क्यूआर कोडला वेगवेगळा तयार मजकूर दिला. ‘इन्स्टावर पाहिलं’ आणि ‘फलकावर पाहिलं’.

पहिल्या आठवड्याचा हिशेब २९ तारखेला, सोमवारी. एकूण चौकशा ५२, हव्या होत्या ७०. जाहिरातीवरून १९, खर्च १,४००, म्हणजे चौकशीला ७४ रुपये. मर्यादेच्या जवळपास दुप्पट. लोकांनी काय लिहिलंय ते वाचल्यावर चूक सापडली. फोटो ताटाचा होता, मध्ये चकल्यांची रास. निम्मे विचारत होते, ‘सुटी चकली पाव किलो मिळेल का?’ आम्ही डबा विकत होतो आणि दाखवत होतो चकली. फोटो बदलला : झाकण उघडा डबा, शेजारी वजनकाटा, २.०० आकडा दिसेल असा, खाली दर आणि ‘१० ऑक्टोबरपर्यंत’. पुढच्या दहा दिवसांत २,००० रुपयांत ६० चौकशा आल्या, तेहतीस रुपयांना एक.

८ ऑक्टोबरला रात्री नव्वदाव्या डब्याचे पैसे जमा झाले. चौकशा २०१, ऑर्डरी ७४. जाहिरात त्याच रात्री बंद केली, दोन दिवस आधी. चांगली चालत असलेली जाहिरात थांबवताना सुनेचा हात अडखळत होता. पण हिशेबातल्या करंज्या संपल्या होत्या. जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरी २९, खर्च ३,४००, म्हणजे ऑर्डरमागे ११७, कर धरून १३८. शंभराची मर्यादा आम्ही पाळू शकलो नाही. ताटाच्या फोटोचा तो आठवडा महागात पडला. त्यानंतर आलेल्यांना ‘डबे संपले, चिवडा-शेव सुटी मिळेल’ असं जाऊ लागलं, आणि हे काकूंनी सुचवलेलं. चिवड्याला मर्यादा नव्हतीच.

नव्वदचा आकडा वहीत होता, तरी काकूंनी १२ तारखेला ओळखीचे म्हणून आणखी पाच डबे घेतले. त्यांच्या तीस करंज्या १५ ला रात्री उशिरा तळल्या आणि कोमट असतानाच बरणीत भरल्या. आत दव सुटलं. भाऊबीजेच्या आत दोन घरांतून ‘करंज्या मऊ पडल्यात’ असा फोटो आला, एकीने तो सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. काकूंनी दोन्ही घरी पुन्हा करंज्या पाठवल्या आणि ग्रुपवर उत्तर द्यायचं का, हे आम्हाला विचारलं. एक ओळ लिहायला सांगितली : चूक आमची, गरम भरल्या गेल्या, बदलून दिल्या आहेत. त्याखाली तीन जणींनी चिवड्याचा दर विचारला.

नोव्हेंबरात वहीचं नवं पान उघडलं तेव्हा वर संक्रांत लिहिलेलं होतं. फॉलोअर्सचा आकडा नव्हता. पहिल्या ओळीवर काकूंच्या अक्षरात : ‘तवे दोन. तासाला गुळपोळ्या?’ पुढची जागा रिकामी होती, कारण घड्याळ लावून करून पाहायच्या होत्या.