आधी ऐकलेलं तेच ओरिजिनल?

'टेंटेड लव्ह' हे गाणं सॉफ्ट सेल या ब्रिटिश बँडचं आहे असं मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आले होते की परवा मैत्रिणीने ग्लोरिया जोन्स या अमेरिकन गायिकेचं रेकॉर्डिंग पाठवलं तेव्हा मी तिलाच विचारलं, अगं हे कव्हर (म्हणजे दुसऱ्याचं गाणं परत गायलेलं) कोणी केलंय, भारी आहे की. भारी आहेच, पण ते १९६५ चं आहे. सॉफ्ट सेलचं १९८१ चं. म्हणजे मी ज्याला ओरिजिनल म्हणत होते तेच कव्हर, आणि तेही सोळा वर्षांनी आलेलं. चांगलीच तोंडावर पडले.

मग त्याच भरात दोन रात्री हेडफोन लावून जोड्या ऐकत बसले, एकदा हे, लगेच ते, परत हे. आधी मला वाटायचं कव्हर जमलं की फसलं हे गळ्यावर ठरतं, कोण वरच्या पट्टीत जातो, कोण जास्त हरकती घेतो वगैरे. पण तसं नाहीये बहुतेक. जी कव्हरं खरंच अंगावर येतात त्यात गाणं तेच असतं, पण बोलणारा माणूस बदललेला असतो.

'रिस्पेक्ट' घ्या. ऑटिस रेडिंगचं, १९६५ चं. त्यात एक पुरुष म्हणतोय की माझे सगळे पैसे तुलाच देणार आहे, फक्त मी घरी आलो की जरा मान दे. ठीक आहे, नवऱ्याची नेहमीची तक्रार. दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिनने काय केलं तर 'मी घरी येईन तेव्हा'चं 'तू घरी येशील तेव्हा' केलं. मुख्य बदल एवढाच! पैसे आता ती देतेय आणि दारातून आत येणाऱ्यालाच विचारतेय की माझा मान कुठाय. ते आर-ई-एस-पी-ई-सी-टी असं एकेक अक्षर सुटं करून म्हणणं, जे आज सगळ्या जगाला पाठ आहे, ते ऑटिसच्या गाण्यात नाहीच. त्याच वर्षी मॉन्टेरे पॉप फेस्टिव्हलच्या स्टेजवर ऑटिस स्वतःच गमतीत म्हणाला होता की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून पळवलंय. आणि खरंय ते, आता ऑटिसचं ऐकताना मला ते अर्धवट वाटतं, बिचाऱ्याने लिहिलेलं असूनही.

'आय विल ऑलवेज लव्ह यू'चं मात्र माझ्या बाबतीत उलटं झालं. व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२ चं आपल्या कानात इतकं बसलंय, ती सुरुवात जिथे जवळजवळ पाऊण मिनिट एकही वाद्य नाही, नुसता आवाज, आणि मग शेवटाकडे सगळं थांबतं, ड्रमचा एक ठोका पडतो आणि पट्टी वर चढते. थिएटरमध्ये पडदा फाटावा तसं. पण डॉली पार्टनचं १९७४ चं मूळ गाणं ऐकलं तर कळतं की हे प्रेमभंगाचं गाणंच नाही मुळात. पोर्टर वॅगनरच्या टीव्ही शोमध्ये ती काही वर्षं गात होती, तिला तिथून बाहेर पडून स्वतःचं काहीतरी करायचं होतं, आणि त्याचा निरोप घेण्यासाठी तिने हे लिहिलं. त्यामुळे ती गातेही तशीच, दारात चप्पल घालता घालता बोलल्यासारखी, आणि शेवटचं कडवं तर गातच नाही, नुसतं बोलते. तुझं भलं होवो वगैरे. शिव्या घाला पण मला आता डॉलीचंच जास्त आवडतं. व्हिटनीची बाई जाते म्हणते पण जाणार नाही असं वाटतं, डॉलीची खरंच निघालीय.

आणि 'हर्ट'. यावर सगळ्यांनी सगळं लिहून झालंय तरी सोडवत नाही. नाईन इंच नेल्स या बँडचं १९९४ चं गाणं, त्यांचा गायक ट्रेंट रेझनर तेव्हा तिशीच्या आतला, स्वतःवर चिडलेला, आणि गाणं शेवटी गोंगाटात बुडतं. कंट्री गायक जॉनी कॅशने २००२ मध्ये घेतलं तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. जवळजवळ गिटार आणि पियानो एवढंच, पियानोवर शेवटी एकच सूर कोणीतरी ठोकत राहतं. शब्दही जवळपास तेच, मूळ गाण्यात मुकुट घाणीचा आहे आणि कॅशने तो काट्यांचा केला. पण तरुण माणूस म्हणतो की मी सगळं गमावलंय तेव्हा आपण मनात म्हणतो अरे होईल नीट, वय काय तुझं, आणि तेच वाक्य थरथरत्या आवाजात म्हातारा म्हणतो तेव्हा आपल्याकडे उत्तर नसतं. व्हिडिओत मागे जिन्यावर त्याची बायको जून उभी राहून त्याच्याकडे बघतेय, ती २००३ च्या मे मध्ये गेली आणि हा सप्टेंबरमध्ये. रेझनर नंतर म्हणाला होता की हे गाणं आता माझं राहिलं नाही.

म्हणूनच ती गिटार घेऊन, लय निम्मी करून, कानात कुजबुजल्यासारखी गायलेली कव्हरं मला सोसत नाहीत. कुठलंही नाचाचं गाणं घ्यायचं आणि संथ करायचं, झालं दर्दभरं. अरे पण बोलतंय कोण? दुःख कुठल्या गोष्टीचं? नुसता ठेका काढून घेतला की गाणं खोल होत नाही, मंद होतं फक्त.

(शास्त्रीयवाले हसत असतील. एकच बंदिश दहा जण दहा तऱ्हेने मांडतात आणि तिला कव्हर म्हणायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.)

माझ्या थिअरीला भोक पाडणारं एक गाणं आहे, 'ट्विस्ट अँड शाउट'. पहिलं रेकॉर्डिंग टॉप नोट्सचं, १९६१ चं, इतकं फिकं की ज्या बर्ट बर्न्सने गाणं लिहिलं त्यालाच आवडलं नाही, मग त्याने पुढच्या वर्षी आयझली ब्रदर्सकडून स्वतः करून घेतलं. बीटल्सचं त्यानंतरचं. ११ फेब्रुवारी १९६३ ला दिवसभर अल्बमची गाणी रेकॉर्ड करून हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण गाणाऱ्या जॉन लेननला सर्दी होती आणि हे गायल्यावर गळा कामाचा राहणार नव्हता. पहिल्याच टेकमध्ये झालं ते. इथे बोलणारा माणूस वगैरे काही बदलत नाही, नुसता फाटलेला गळा आहे आणि तेवढ्यावर गाणं जिंकतं. असो.

'हॅलेलुया'बद्दल फार बोलत नाही, कंटाळा येईपर्यंत ऐकलंय. एवढंच की मूळ गाणं लेनर्ड कोहेनचं १९८४ चं, जॉन केलने १९९१ मध्ये त्यातली कडवी निवडून वेगळं मांडलं, आणि जेफ बकलीने १९९४ ला जे केलं ते केलचं ऐकून. म्हणजे आज जो तो गातो ते कव्हरचं कव्हर.

आणि ग्लोरिया जोन्स? रोज ऐकतेय. ट्रम्पेटसारखी ब्रास वाद्यं आहेत, वेग आहे, आवाजात खरा राग आहे, सॉफ्ट सेलपेक्षा कितीतरी जिवंत. तारीखही आता पाठ झालीय. तरी दरवेळी ओळ संपली की मी सॉफ्ट सेलच्या गाण्यातल्या सिंथेसायझरच्या त्या दोन टोल्यांची वाट बघते, ते येत नाहीत, आणि कान म्हणतो, अरे, यांनी ते काढून का टाकलं?