रंगवलेलं दार

लिनक्सच्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती टाकली, रीस्टार्ट झालं, सगळं चकाचक. दुसरा मॉनिटर जोडला आणि खालची पट्टी गायब! सेटिंगमध्ये तिची जागा बदलायचं बटण होतं. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बटण कसलं, भिंतीवर रंगवलेलं दार होतं ते.

एका मित्राला सांगितलं. तो एका डिस्ट्रोसाठी, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचासाठी, सॉफ्टवेअरची पॅकेजेस बांधतो. शांतपणे म्हणाला, "अरे, लोकांच्या हातात दिल्याशिवाय बग सापडणार कसे?"

हे वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाहीये. कारण ते खोटं नाही.

जानेवारी २००८ मध्ये केडीई या लिनक्स डेस्कटॉपचं ४.० आलं, तेव्हा ते सगळ्यांच्या रोजच्या वापराचं अजून नाही, हे बनवणारेच सांगत होते. तरी मे महिन्यात फेडोरा ९ या डिस्ट्रोने जुनं ३.५ काढून तेच दिलं. त्याच सुमारास कुबुंटू ८.०४ ने दोन वेगळ्या डिस्क काढल्या: एक ३.५ ची, एक ४ ची. ज्याला हौस, त्याने घ्यावं.

उबुंटूने १७.१० मध्ये वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा, डीफॉल्ट केलं आणि पुढच्याच १८.०४ मध्ये पुन्हा जुनं एक्स-ऑर्ग आणलं. ती आवृत्ती वर्षानुवर्षं टिकवायची होती ना! ही माघार मला तरी शहाणपणाची वाटली. वेलँडचा पर्याय लॉगिनच्या पडद्यावर होताच की.

म्हणजे अर्धवट गोष्ट देण्यावर माझा राग नाहीच. बग शोधायला मी एका पायावर तयार आहे रे. पण आधी विचारलंस का?